मित्राच्या जागी

मार्गशीर्षातली सकाळ होती. सुदुंबऱ्याच्या शेतात हरभऱ्याला पाणी सोडून मी बांधावर उभा होतो. खिशातला फोन वाजला, वर उत्तमचं नाव दिसलं, म्हणून उचलल्या उचलल्या नेहमीसारखं म्हणालो, "बोल म्हाताऱ्या." तो माझ्याहून वर्षभरानं धाकटा, पण मी त्याला म्हाताऱ्याच म्हणायचो आणि तो मला पाटील, जरी आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी पाटील झालेला नाही.  पलीकडून त्याच्या बायकोचा, शोभावहिनींचा आवाज आला, "भावजी, ह्ये गेले..." पहाटे छातीत कळ आली, गाडी बोलवेपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. पाणी सरीबाहेर जाऊन शेजारच्या रानात पसरलं, तरी मला हलायचं सुचलं नाही.

त्याला आता दोन महिने होत आले. त्याच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, देहूरोडच्या विहारात सगळ्यांनी मला बोलायला उभं केलं. मी माईक धरला, समोर पांढऱ्या साडीतल्या वहिनी दिसल्या आणि दोन वाक्यांत खाली बसलो. तिथं जमलं नाही म्हणून आता लिहितो आहे. पण माझी अडचण निराळीच आहे, ती आधी सांगतो. उत्तम आणि मी गेली काही वर्षं रोज सकाळी आपापल्या घरी ध्यानाला बसायचो, आणि रविवारी दोघं मिळून वलवणजवळच्या केंद्रात. तिथं एक ध्यान शिकवतात, मैत्री भावना. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग एका मित्राचं, मग ना जवळच्या ना लांबच्या अशा एका माणसाचं, मग ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचं, आणि शेवटी सगळ्यांचं. मित्राच्या जागी जो घ्यायचा तो जिवंत असावा लागतो. माझ्या त्या जागी पहिल्यापासून उत्तम होता. आता तिथं कुणाला बसवायचं, हे मला ठरवता येईना, आणि ठरवायचंही नव्हतं. दुसरं कुणी बसवलं की तो खरोखर गेला, असं मला वाटत होतं. म्हणून मी ध्यानाला बसणंच सोडून दिलं.

हे सगळं सुरू कसं झालं, ते ऐकण्यासारखं आहे. उत्तम मूळचा वलवणचा. कामाच्या निमित्तानं तो देहूरोडला आला आणि तिथंच राहिला. आम्ही दोघं एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या लेथवर. त्याच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतलेला. वडील तर असे पक्के की घरात वंदना झाल्याशिवाय कुणाला चहा मिळायचा नाही. उत्तमला सगळ्या पाली गाथा लहानपणापासून पाठ होत्या. पण डोळे मिटून बसणं त्यांच्या घरात कधी नव्हतं. वडील म्हणायचे, डोळे उघडावेत म्हणून आपण धम्म घेतला, मिटायला कशाला शिकता? वलवणच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला ते केंद्र झालं तेव्हा उत्तम तिशीत होता. गावी जाता-येता तो त्याच्या फाटकावरून शेकडो वेळा गेला, आत मात्र कधी गेला नाही. निवृत्तीनंतर त्याला हृदयाचा पहिला झटका आला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मीठ कमी करायला सांगितलं आणि जरा शांत बसायला शिका म्हणाले. तेव्हा त्याला ते फाटक आठवलं.

एका संध्याकाळी तो माझ्याकडं सुदुंबऱ्याला आला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसला. मला कळत होतं की याला काहीतरी मागायचं आहे. शेवटी म्हणाला, "पाटील, रविवारी माझ्यासंगं केंद्रात चल. मी जन्माचा बौद्ध, आन् मला ध्यानातलं ढिम्म कळत न्हाई. एकट्यानं जायला लाज वाटती. तू असला म्हंजी बरं. तुला येत न्हाई ह्याचं कुणाला काय वाटणार? तुझ्या आडोशाला मी बी शिकून घेतो." मी एवढा हसलो की आतून बायको बघायला आली. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ कामांना नेलं, पण आडोसा म्हणून नेणारा हा एकटाच.

तो पहिला रविवार. बौद्ध लोक कार्यक्रमाला पांढरं घालतात हे मी बघितलेलं, म्हणून पाहुण्यानं रीत पाळावी असा विचार करून मी पांढरा स्वच्छ झब्बा-पायजमा घालून गेलो. उत्तमला वाटलं, ध्यानच तर आहे, म्हणून तो चौकड्याचा शर्ट घालून आला. फाटकातून आत गेलो तशा तिथं ध्यान शिकवणाऱ्या सुजाताताई पुढं आल्या. चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, बोलणं अगदी हळू. त्यांनी मला हात जोडून "जयभीम" केलं. मीही "जयभीम" म्हणालो, दुसरं काय म्हणणार? मग त्या उत्तमकडं वळल्या आणि त्याला फार प्रेमानं समजावून सांगायला लागल्या. हे बुद्धांचं शिल्प, आपण यांना देव मानत नाही. त्रिसरण म्हणजे हे, पंचशील म्हणजे हे, तुम्हाला म्हणावंसं वाटलं नाही तर नुसतं ऐका, काही सक्ती नाही. मी मध्ये तोंड घालणार तेवढ्यात उत्तमनं माझा झब्बा मागून ओढला. सगळा वेळ तो मान हलवत, पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्यानं ऐकत राहिला. नंतर मी विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाला, इतक्या मायेनं मला हे आजवर कुणी समजावलंच नव्हतं. घरी पाठ करून घेतलं होतं, चुकलो की टपली बसायची.

मग आत वंदना सुरू झाली. सुजाताताई पहिली ओळ म्हणाल्या आणि माझ्या शेजारून, त्या चौकड्याच्या शर्टातून, वडिलांनी घडवलेला तो खणखणीत आवाज उठला. एकही शब्द अडखळला नाही. पुढच्या रांगेतल्या माना मागं वळल्या. ताईंनी डोळे उघडून बघितलं, त्यांच्या सगळं लक्षात आलं आणि त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. झब्ब्यातला मी मात्र गप्प, कारण मला एक अक्षर येत नव्हतं. ध्यान संपल्यावर ताई माफी मागायला आल्या, तेव्हा उत्तम म्हणाला, तुमचं काही चुकलं नाही, ध्यानात मी नवाच आहे. त्या दिवसापासून केंद्रात सगळ्यांची आमच्यावर माया जडली, आणि झब्ब्यावरून माझी चेष्टा मात्र कायम होत राहिली.

ध्यान काही पहिल्या दिवशी जमलं नाही. माझे गुडघे दुखले, उत्तमला डुलकी लागली. शिवाय आमचे दोघांचे दोन गोंधळ झाले. उत्तमनं मित्राच्या जागी आपल्या वडिलांना घेतलं. वडील जाऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झालेली. त्याला एवढं भरून आलं की तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. ताईंनी त्याला तिथंच समजावलं की गेलेल्या माणसाला घेतलं की मैत्रीच्या जागी दुःख येतं, म्हणून जिवंत माणूस घ्यावा. माझा गोंधळ तिसऱ्या पायरीचा. ना जवळचा ना लांबचा असा माणूस मनात आणा म्हणाल्या. आता आमच्या गावात असा माणूस आणायचा कुठून? एक तर तो भावकीतला, नाहीतर त्याच्याशी बांधावरून वाकडं. वाण्यापासून लाइनमनपर्यंत प्रत्येकाविषयी माझं काही ना काही मत होतंच. मी सगळा वेळ गावभर फिरून आलो आणि एकही मिळाला नाही. हे सांगितलं तेव्हा ताई एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

परत येताना लोणावळा स्टेशनबाहेर एक कणसं भाजणारा बसायचा. उत्तम म्हणाला, हा घे, हा तुझा कोण लागतो? तो कुणीच लागत नव्हता. तेव्हापासून तिसऱ्या जागी आम्ही दोघांनी तोच घेतला. आणि मग जे व्हायचं ते झालं. रोज सकाळी ज्याचं भलं चिंतायचं, त्याच्यापुढून रविवारी नुसतं कसं जाणार? आधी कणसं घ्यायला लागलो, मग त्याच्या पाठीच्या दुखण्याची चौकशी करायला लागलो, मग उत्तमनं त्याला घरचं तेल नेऊन दिलं. वर्षभरात तो आमचा चांगला दोस्त झाला आणि तिसरी जागा पुन्हा रिकामी पडली. कणीसवाला ठरला त्याच दिवशी लोकलमध्ये बसल्यावर मी उत्तमला विचारलं होतं की मित्राच्या जागी आता तू कुणाला घेतोस. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, तुलाच, दुसरं कोण आहे? मी म्हणालो, मीही तुलाच. त्यावर आम्ही दोघंही कामशेत येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो. साठीच्या पुरुषांना असलं काही बोलून झालं की मग कुठं बघावं ते कळत नाही.

सगळं असं गोडीगुलाबीचंच होतं असं नाही. माझ्या भावकीत कुजबूज झाली की दत्ता दर रविवारी तिकडं कशाला जातो. एकदा चुलतभावानं पारावर तोंडावर विचारलं, तेव्हा उत्तम माझ्याबरोबर होता. मी उसळलो, उत्तमनं मला धरून बाजूला नेलं आणि वर मलाच चार शब्द सुनावले की चौथ्या पायरीला इतकी वर्षं काय करतोस. मी त्याच्यावरच चिडलो. आठवडाभर फोन केला नाही. रविवारी देहूरोडच्या फलाटावर दोघंही दोन टोकांना उभे, डब्यात मात्र एकाच बाकावर. येताना त्यानं तोंड उघडलं, "आज तुला चौथ्यात बसवला." मी विचारलं, "मग मित्राच्या जागी कोण होता?" तो म्हणाला, "तितं बी तूच." भांडण तिथंच मिटलं. अशी माणसं पुन्हा कुठून आणायची, सांगा. मला आजही काही झालं की पहिल्यांदा वाटतं, हे रविवारी उत्तमला सांगू... आणि मग आठवतं.

शेवटच्या रविवारी तो जरा दमल्यासारखा वाटला. केंद्राच्या पायऱ्यांवर बसून चपला घालताना म्हणाला, एकदा शोभाला आणायचं आहे इकडं. तिला वाटतं आपण इथं येऊन झोपा काढतो. मी म्हणालो, खोटं काय आहे त्यात? तो हसला. देहूरोडला उतरल्यावर त्यानं नेहमीसारखा हात वर केला आणि जिन्याकडं गेला. रूळ ओलांडून गेला असता तर दोन मिनिटांत घरी पोचला असता, पण पुलावरूनच जायचं हा त्याचा आयुष्यभराचा शिरस्ता. पावसात, उन्हात, झटका येऊन गेल्यावरसुद्धा. जे सांगितलंय ते तसंच करायचं, यात त्याला काही विशेष वाटत नसे. मी फलाटावरून त्याला पूल चढताना बघितलं, थांबत थांबत, कठडा धरून. तेच शेवटचं.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भावजी, मला तितं न्या. ह्ये काय करायचे ते मला एकदा बघायचंय." मला खरंतर जायचं नव्हतं. पण त्यांना नाही कसं म्हणणार? रविवारी देहूरोडला त्यांना घेतलं. पांढरी साडी, हातात पिशवी, पिशवीत डबा.  फाटकापाशी त्यांची चाल मंदावली, पदर नीट केला. आत सुजाताताई होत्या. या वेळी त्यांनी काहीच समजावलं नाही, नुसते वहिनींचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांना माझ्या शेजारचं आसन दिलं. तिथं उत्तम बसायचा. खिडकीतून वलवणच्या धरणाचं पाणी दिसत होतं.

वंदना झाली. तो खणखणीत आवाज त्यात नव्हता. वहिनींनी मात्र हळू आवाजात सगळी म्हटली. मग ताईंनी नव्या माणसांसाठी सांगतात तसं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मित्राच्या जागी जिवंत माणूस घ्या. नवरा किंवा बायको मात्र त्या जागी नको, कारण तिथं भलं चिंतता चिंतता मन अपेक्षांच्या मागं जातं. घंटा वाजली. पहिली पायरी कशीबशी पार पडली. दुसरीला उत्तम आपणहून आला, चौकड्याच्या शर्टात, दमलेला. मी त्याला बाजूला केला. पुन्हा आला. मुलगा, मेहुणा, गावातला एक जुना सोबती, एकेकाला आणून बघितलं, पण कुणी टिकेना. शेवटी ती जागा मी रिकामीच ठेवली आणि पुढची घंटा होईपर्यंत डोळे मिटून त्या रिकाम्या जागेकडं बघत बसलो. शेजारी वहिनींचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

परतीच्या लोकलला वेळ होता. लोणावळा स्टेशनच्या बाकावर बसून वहिनींनी डबा उघडला, मला भाकरी दिली, स्वतः मात्र नुसता तुकडा मोडून हातात धरला. मी विचारलं, कसं वाटलं?  रुळांकडं बघत म्हणाल्या, "ह्ये रोज सकाळी ग्यालरीत बसायचे. मी आत चहा ठिवायची. त्यांना वाटायचं मनात बोलतोय, पर सगळं ऐकू यायचं. दत्ता सुखी होवो. कणीसवाला सुखी होवो. तुमच्या त्या चुलतभावाचं बी नाव घ्यायचे. येवढी वर्सं ऐकलं, भावजी... माझं नाव कदी आलं न्हाई."

हातातली भाकरी मी डब्यात ठेवली. मी घाईघाईनं सांगितलं की वहिनी, तसा नियमच आहे. बायकोला त्या जागी घ्यायचं नसतं, आज ताईंनी सांगितलं ना, तुम्ही ऐकलंत. पहिल्या दिवशी आम्हालाही तेच सांगितलं होतं. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. उलट तुम्हाला इथं आणायचं म्हणून शेवटपर्यंत म्हणत होता. त्या मान हलवत ऐकत होत्या. इतक्या वर्षांचा काटा असा एका वाक्यात निघत नाही, पण चेहरा जरा सैल झाल्यासारखा वाटला. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

मग म्हणाल्या, "मी आज त्यांनाच घेतलं. नवरा बी नको आन् गेलेला बी नको म्हनल्या ताई. दोनी मोडलं. चुकलं का माजं?"

"न्हाई वहिनी," मी म्हणालो.

"मंग त्यांनी बी एकदा मोडायचा व्हता की नियम."

 पुलावरून फिरून जाणारा माणूस तो. त्यानं कुठला नियम मोडला असता? घरात चहाचं आधण ठेवून एक बाई आपल्या नावाची वाट बघते आहे, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. आलं असतं तर गॅलरीतून उठून आत गेला असता, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण आता ते सांगणारा मीच उरलो आहे. त्याचं उत्तम जे होतं ते त्याच्याबरोबर गेलं आणि हे एक राहून गेलेलं काम मागं राहिलं, असं मला त्या बाकावर वाटत राहिलं. लोकल आली, आम्ही बसलो. देहूरोडला उतरलो आणि वहिनी पुलाचा जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत घोंगडी टाकली आणि दोन महिन्यांनी घरी पहिल्यांदा बसलो. मी मनातल्या मनात म्हणणारा माणूस, कधी ओठसुद्धा हलवत नाही. आधी स्वतःचं म्हणून झालं. मग मित्राची जागा आली आणि तिथं उत्तम होताच. या वेळी मी त्याला घालवला नाही. जरा सरक म्हणालो. तो सरकला. आणि मग त्याच्यासारखंच, आतल्या चुलीपाशी ऐकू जाईल अशा आवाजात, वहिनी वगैरे काही न लावता मी म्हणालो,

"शोभा सुखी होवो."